हेमू पडतो तेव्हा

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
१८ नोव्हेंबर

हेमू,

वर आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात वळेना. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. तेवढ्यावर भागव.

तू फोन बंद ठेवलायस आणि नवा नंबर कुणाकडे नाही. निवेदिता वकील म्हणाल्या, मोबाइलवर काही लिहू नका, उद्या पोलीस सगळं काढून वाचतील. म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या नव्या क्लबच्या पोस्टरवरून घेतला. पोस्टरवर तू दात काढून हसतोयस. मलप्पुरम नकाशात शोधायला मला चष्मा लावावा लागला. पळायचं म्हटल्यावर माणूस किती खाली जाऊ शकतो, त्याच्या पुढं समुद्रच आहे.

मी शुक्रवारी जामिनावर सुटले. दिवाळी आतच गेली. पहिल्या दिवशी पाण्याच्या नळावर एकीनं माझी वेणी धरून डोकं भिंतीवर आपटलं. मी तिचा अंगठा मागं वळवला, कडकन आवाज येईपर्यंत. त्यानंतर ती रोज माझ्यासाठी बादली भरून ठेवायची. आबा दर भेटीला आले. पंचाहत्तरीचा माणूस काठी टेकत रांगेत उभा राहायचा. तू एकदाही आला नाहीस. मी सुटायच्या आधीच तू गाडीत बसलास, हे मला आबांनी सांगितलं, आणि सांगताना ते खिडकीकडे बघत होते.

शाळेनं मला घरी बसवलंय. पी.टी.च्या टीचरनं माणसाचं डोकं फोडलं म्हटल्यावर दुसरं काय करतील. परवा अंशुलच्या दोस्तांनी आपल्या पुढच्या खोलीच्या काचा फोडल्या. एक दगड आबांच्या कॉटवर पडला. मी बाहेर गेले तेव्हा मोटरसायकली वळल्या होत्या, नाहीतर अजून एक केस झाली असती.

वकीलबाई म्हणतात, जे झालं ते पुन्हा पुन्हा आठवून पक्कं करा, कोर्टात अडखळायला नको. तर तुझ्यावरच सराव करते.

फुटबॉल चषकाची फायनल होती. तुला आपल्याच गावातल्या टीमनं पाहुणा खेळाडू म्हणून बोलावलं होतं. कोलकात्याची खालची डिव्हिजन, गोवा, दिल्ली, शिलाँग, इतकी वर्षं तू कुठं कुठं पुढच्या फळीत खेळलास, पण मी आणि आबांनी तुला मोठ्या सामन्यात डोळ्यांसमोर पाहिलं ते त्या दिवशीच. आम्ही कॉर्नरपाशी खुर्च्या टाकून बसलो होतो. बरोबरी चालू होती. हवेतून बॉल आला, तू डोकं घातलंस, त्यांच्या बचावातल्या स्टॉपरनं, म्हणजे त्या अंशुलनं, पाय वर घेतला. तू पडलास. दोन्ही हात कानशिलावर, पाय झाडत होतास. रेफ्रीनं शिटी मारून पेनल्टी दिली. मला शिटी ऐकू आली नाही. मला एवढंच दिसलं की तुझे पाय झाडायचे थांबले आणि तो माणूस तुझ्यावर पुन्हा वाकला.

कॉर्नरचा झेंडा बांबूचा होता. मी तो उपटला. पुढं काय केलं ते तुला माहीत आहे, तू तिथंच होतास. मागून मारला, उजव्या कानाच्या वर. लाठी आबांनी मला शिकवली, तुला नाही, त्यामुळं चुकायचा प्रश्न नव्हता. बांबू उभा चिरला. अंशुल तुझ्याच अंगावर पडला आणि त्याच्या नाकातून आलेलं रक्त तुझ्या जर्सीवर सांडलं.

आणि तू उठून उभा राहिलास. खरं सांगते, पोलिसांनी मला धरलं, बायकांनी केस ओढले, कुणी पाठीत लाथा घातल्या, मला त्यातलं काही लागलं नाही. हेमू उभा राहिला, हेमू जिवंत आहे, एवढंच डोक्यात चालू होतं.

पत्र पोचलं की फोन कर.

ताई


हरिशंकरपुरम
३० नोव्हेंबर

हेमू,

फोन आला नाही. पोस्टमन नवीन आहे, त्याला शिव्या देऊन झाल्या. आता तुझी पाळी.

निवेदिता वकिलांच्या गोरखीतल्या ऑफिसात काल पुन्हा जाऊन आले. त्यांनी मला पहिलीतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं. अंशुलच्या मेंदूचं ऑपरेशन झालं, तो जगला, पण डावी बाजू लुळी आहे आणि बोलणं गेल्यात जमा आहे. माझ्यावर जीवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम आहे. ते टिकलं तर मी म्हातारी होऊन बाहेर येईन. पण सख्ख्या भावाच्या डोक्यात बूट घातलेला बघून बहिणीचा तोल गेला, असं उभं राहिलं तर गोष्ट वेगळी. मग कलम उतरतं, थोडक्यात सुटका होते. मैदानावर कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पोलिसांकडे आहे, पण लांबून आहे, धुरळा आहे, दोन्ही बाजूंनी ओढता येईल. म्हणून सगळं तुझ्या जबाबावर आलंय. तू येऊन एवढंच सांगायचंस की बूट डोक्याला लागला. जे झालं तेच सांगायचंय, त्याला एवढे आढेवेढे कशाला?

तू घाबरलास, हे मी समजू शकते. तू लहानपणापासून आवाजाला घाबरतोस. आबांनी पट्टा काढला की तू पट्टा लागायच्या आधीच रडायचास, मी लागल्यावरही नाही. म्हणून लाठी माझ्याकडे आली. पण पुढं तू जे केलंस त्याचा मला अभिमानच वाटला. नोकरीची वाट न बघता बूट घेऊन निघून गेलास. एकेका सीझनसाठी एकेक गाव. तू कधी वर्तमानपत्रात आला नाहीस, आलास तर शेवटच्या ओळीत. पण घरी दसऱ्याला यायचास तेव्हा अंगावर काहीतरी घेऊन यायचास.

तुला आठवतं, पहिल्यांदा कोलकात्याहून आलास तो दसरा? आपल्या घरात तलवारी, आजोबांची बंदूक, सगळ्याची पूजा झाली की आबा घरातल्या पुरुषांच्या जखमांना गंध लावतात. आपल्या सोयऱ्यांत दुसऱ्या कुणाकडे हे नाही, पण आपल्याकडे आहे. पणजोबांच्या खांद्याला लावायचे म्हणे, आजोबांच्या पोटरीला. आबांच्या मांडीत एकाहत्तरच्या लढाईतले छर्रे अजून आहेत, तिथं ते स्वतःच लावतात. त्या वर्षी सगळे सोयरे बसले होते आणि तुझ्या भुवईला टाके होते. आबांनी विचारलं, कुठं लागलं? किती गोल केलेस ते त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही. तू सांगितलंस, स्टॉपरनं कोपर मारलं. आबांनी तुला शिसवी पाटावर बसवलं आणि भुवईला गंध लावलं. घरातला फौजेत न गेलेला तू पहिला, आणि तरी पाटावर बसलास.

मग दर वर्षी. गोव्यात बरगडीवर गुडघा. दिल्लीत पाठीत लाथ. शिलाँगला कुणी तुझा घोटा मुद्दाम तुडवला. पूजा झाली की सोयरे जेवायला बसायचे आणि मी आतल्या खोलीत तुझ्या अंगाला हळद-तेल लावायचे. तू कण्हायचास. मी त्या माणसांना पाहिलं नव्हतं, पण तेल लावताना मी त्यांना मारत असायचे. एकेकाला, पद्धतशीर, गुडघ्यापासून वर. कधीतरी त्यातला एक समोर येणारच होता. अंशुल समोर आला.

तेव्हा ये. तुझ्यासाठी मी जे केलं त्याच्या निम्मंही मी मागत नाहीये.

ताई


हरिशंकरपुरम
१३ डिसेंबर

हेमू,

आज मी जे केलं ते कळलं तर निवेदिता वकील माझं वकीलपत्र फाडून टाकतील. जामिनाची अटच आहे की अंशुलच्या घराच्या आसपास फिरकायचं नाही. मी हजीऱ्याला त्याच्या घरी जाऊन आले.

माफी मागायला गेले नव्हते, उगाच मोठेपणा नको देऊस. भांडायला गेले होते. त्याच्या दोस्तांनी काल आबांची स्कूटर जाळली. आबा फाटकाशी उभे राहून बघत होते. मी म्हटलं, आता समोरासमोर होऊन जाऊ दे.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. हर्षिता नाव तिचं. पंचविशीची असेल. मी कोण ते तिला सांगावं लागलं नाही. तिच्या हातात पोळ्या भाजायचा चिमटा होता. पहिला फटका गालावर बसला, दुसरा भुवईवर, तिसरा मी हातावर घेतला. चिमटा गरम होता. माझे हात उठले होते, हेमू. आडवा हात मारून तिला जमिनीवर घालणं मला एका क्षणाचं काम होतं. तेवढ्यात आतून आवाज आला आणि ती थांबली.

"छुआ नहीं," आतून कुणीतरी म्हणालं. जाड, ओला आवाज. परत म्हणालं, "छुआ नहीं."

हर्षिता दारातच खाली बसली. म्हणाली, शुद्धीवर आल्यापासून हे एवढंच बोलतात. तहान लागली तरी हेच, पोरगी जवळ गेली तरी हेच. डॉक्टर म्हणतात, डोक्यात जे शेवटचं होतं ते अडकून बसलंय. आणि बाहेर सगळं शहर म्हणतंय की पडलेल्या माणसाला लाथ मारणारा हा. असोसिएशननं त्याच्यावर बंदी घातली. लुळ्या माणसावर बंदी. ज्या दुकानातून दूध येतं तो दुकानदारसुद्धा म्हणाला, करणी का फल.

मी म्हटलं, पण मारलं तर होतंच. माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं मला मारलं नाही. आत जाऊन मोबाइल घेऊन आली. पोलिसांकडे जो व्हिडिओ आहे तो तिनंच काढलेला आहे, गोलच्या मागून, नवऱ्याचा खेळ टिपायला. वकीलबाईंकडे मी एकदा वरवर बघितला होता, त्यांच्या भिंतीवरच्या टीव्हीवर, आणि बांबू दिसताच तोंड फिरवलं होतं. आज दारात बसून बघितला. हर्षिता बोटानं थांबवत होती, पुढं नेत होती.

अंशुलचा बूट तुझ्या डोक्यापाशी येतो. लागला की नाही ते धुरळ्यात दिसत नाही, ते खरंय. पण त्यानंतरचं स्पष्ट दिसतं. तू पाय झाडतोस. तो धावत येतो, गुडघ्यावर बसतो, एक हात तुझ्या मानेखाली घालतो आणि दुसऱ्या हातानं बाहेरच्या लोकांना बोलावतो. पाणी आणा, पाणी आणा, असं तो हात म्हणतोय. तो तुला उचलत होता, हेमू. मला वाटलं तो पुन्हा मारतोय, आणि तो तुला उचलत होता. मग बाजूनं मी येते. माझा चेहरा मला ओळखू आला नाही.

घरी आले तेव्हा भुवईतून रक्त येत होतं. आबांनी बघितलं आणि वर्तमानपत्र वर धरलं. या घरात माझ्या जखमेबद्दल कुणी कधी काही विचारलेलं नाही, आजही विचारलं नाही.

तू मला एक सांग. बूट लागला होता ना?

ताई


हरिशंकरपुरम
२१ डिसेंबर

हेमू,

तुझं पत्र आलं. एवढ्या दिवसांनी पाच ओळी, आणि त्याही निम्म्या हिंदीत. "टेन्शन नको घेऊ ताई. जानेवारी में दो दिन छुट्टी मिलेगी, येऊन जबाब देतो. बोल दूंगा लात लगी थी, बस. तू छूट जाएगी." मी विचारलं होतं, लागली होती का. तू उत्तर दिलंस, बोल दूंगा.

मी ते पत्र वाचलं आणि चार दिवस तुझे सामने बघितले. नेटवर जे जे सापडलं ते सगळं. कोलकात्याच्या चिखलातले, गोव्यातले, दिल्लीतले, आणि आत्ताचे तिकडचे सात-सात जणांचे, जिथं लोक रेघेला चिकटून उभे असतात आणि खेळाडूंच्या अंगावर ओरडतात. गोल फारसे दिसले नाहीत. पडणं मात्र प्रत्येकात आहे. मग पेनल्टी, मग टीमचे लोक तुला मिठ्या मारतात. मला कळलं ते. तुझ्यासारख्या फॉरवर्डला पुढच्या सीझनचं बोलावणं कशावर येतं ते कळलं. पोटासाठी कुणी काय करतं, कुणी काय. त्यावर मी तुला एक शब्द बोलणार नाही.

पण मला तुझं तोंड दिसतं. कॅमेऱ्याला, रेफ्रीला, जजला दिसणार नाही, मला दिसतं. तू पडायच्या आधी तोंड घट्ट मिटतोस, जीभ दाताखाली येऊ नये म्हणून. ज्याला खरंच फटका बसतो त्याला तेवढा वेळ मिळत नाही. आबांचा पट्टा बसायचा तेव्हा तुझं तोंड उघडं राहायचं, आवाजसुद्धा मागाहून यायचा. मी शेजारी उभी असायचे, माझी पाळी त्याच्यानंतर असायची. हर्षिताच्या व्हिडिओची प्रत मी तिच्याकडून मागून घेतली होती. काल तो पुन्हा लावला. धुरळा उठायच्या आधी थांबवलं तर बूट अजून तुझ्या डोक्यापासून हातभर लांब आहे आणि तुझं तोंड आधीच मिटलेलं आहे. मग तू रेफ्रीकडे बघतोस. मग पडतोस.

मी बांबू मारला तेव्हा तू डोळे मिटून शुद्धीत पडला होतास. तो तुझ्यावर कोसळला तेव्हा तू लगेच उठलास, कारण तुला काही झालंच नव्हतं. आणि मी वेडी आनंदानं रडत होते.

आज सकाळी मी आबांना सांगितलं. सगळं, तोंडाचंही. वाटलं होतं ते काठी उगारतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, तू गोव्याहून आलास त्या दसऱ्यापासून. "पडलेली माणसं मी बघितलीत, शालू. ज्याला लागतं तो जागा बघून पडत नाही. आणि तुझा भाऊ बरगडीवर लागलं म्हणाला, तिथं हात लावला तर काही नाही, दुसरीकडे लावला तर कण्हला."

मग गंध का लावत होतात, म्हणून मी ओरडले. शेजारच्या उषाताई भिंतीवरून डोकावल्या इतकी ओरडले. आबा म्हणाले, सगळे सोयरे बसले होते, पाटावरून त्याला उठवू कसा? एवढंच. सगळे बसले होते.

त्या दिवशी मैदानावर ते माझ्या शेजारच्या खुर्चीत होते, हेमू. तू पडलास तेव्हा त्यांना कळलं होतं की तुला लागलेलं नाही. मी उठले, झेंड्याकडे धावले, बांबू उपटायला मला दोनदा हिसका द्यावा लागला. माझी ओढणी त्यांच्या हाताला येत होती. शालू, बस, एवढं म्हणाले असते तर एक माणूस आज चालत असता. मी त्यांना हे विचारलं. ते म्हणाले, आजूबाजूला लोक होते.

मी पाट उचलून अंगणात नेला आणि पायरीच्या दगडावर आपटला. शिसव आहे, सहज फुटत नाही. हात सोलून निघाले, पण फोडला. मग त्यांची काठी हिसकावली आणि गुडघ्यावर मोडली. ते भिंतीला धरून उभे राहिले. मला वाटत होतं की त्यांनाही मारावं, आणि मी मारलं असतं. मी हे लपवत नाही. काठीशिवाय त्यांना पाऊल टाकता येईना म्हणून मी त्यांना कॉटवर नेऊन बसवलं आणि चहा करून दिला.

चहा पिताना म्हणाले, त्याला येऊ दे, जबाब देऊ दे. तू सुटशील. मला आता दुसरं कोण आहे? ते रडत होते, आणि चुकीचं काही बोलत नव्हते. तुझ्या एका वाक्यावर मी सुटते, ते घरी एकटे पडत नाहीत, शाळा कदाचित परत घेते. फक्त हजीऱ्यात एक माणूस दिवसभर ओरडत राहतो आणि सगळं शहर त्याला खोटं म्हणतं.

तू जबाब द्यायला येऊ नकोस. आलास तर मीच तुला स्टेशनावर मारीन, आणि या वेळी तुला तोंड मिटायला वेळ मिळणार नाही.

ताई


महिला बरॅक, कारागृह, ग्वाल्हेर
९ जानेवारी

हेमू,

वरचा पत्ता वाचून दचकू नकोस. इथं मी ओळखीची आहे, बादली भरून ठेवणारी अजून इथंच आहे.

मी तुझी वाट बघितली नाही. पाच तारखेला तारीख होती, नुसती हजेरीची. निवेदिता वकिलांनी सांगितलं होतं, तोंड उघडायचं नाही. मी जजसाहेबांना म्हटलं, मला बोलायचंय. वकीलबाईंनी माझ्या बाहीला धरलं, मी बाही सोडवून घेतली.

मी म्हटलं, "साहब, उस लड़के ने मेरे भाई को छुआ नहीं था। वो उसे उठा रहा था। मैंने पीछे से मारा।"

जजसाहेबांनी विचारलं, तुम्हाला कुणी धमकावलंय का? मी म्हटलं, मला कोण धमकावणार. लोक हसले. मग त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, मी त्यांच्या घरी गेले होते, त्यांच्या बायकोनं दाखवलं. झालं, घरी गेले म्हटल्यावर जामीन तिथंच रद्द झाला. निवेदिता वकील बाहेर आल्यावर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शालिनीताई, तुम्हाला वाचवायला मी एकटीच धडपडतेय, तुम्ही निदान माझ्या आड येऊ नका. बाई चांगल्या आहेत. केस सोडणार नाही म्हणाल्या. कलम मात्र आता उतरणार नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा ऐकून घेतलं, नंतर रडायला नको म्हणून.

आबा कोर्टात आले नव्हते. त्यांच्यासाठी उषाताई डबा करतात. तू पत्र लिहिणार असशील तर त्यांना लिही, मला नको.

मला वाटत होतं की मी सुटले. आत आले तरी सुटले, असं काहीतरी वाटत होतं. दोन रात्री मी गाढ झोपले. आपण एका माणसाचं आयुष्य मोडलं, ते जुळवता येत नाही, पण त्याचं नाव तरी त्याला परत दिलं, असं मनात होतं. जरा फुशारकीच होती, मान्य आहे. तुझ्या-माझ्यात निदान मी तरी आबांची मुलगी निघाले, असंही वाटलं. आज ते नुसतं आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण आज भेटीला हर्षिता आली होती. मी तिला जाळीपलीकडे बघून आधी हातच पुढं घेतला, सवयीनं, मार चुकवायला. ती नुसती उभी राहिली. पोरगी कडेवर होती. मी म्हटलं, पेपरात आलं ना? लोक आता काय म्हणतात? ती म्हणाली, दूधवाला स्वतः घरी येऊन माफी मागून गेला, असोसिएशनचा माणूसही येऊन गेला.

मी विचारलं, आणि ते?

म्हणाली, त्यांना पेपर वाचून दाखवला. तुमचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. कानाशी जाऊन तीनदा सांगितलं.

"अब भी वही बोलते हैं दीदी," ती म्हणाली. "पहले से ज़्यादा। आपके कहने से क्या होगा? गिरे तो आपके भाई थे।"

मग शिपाई बाईनं वेळ संपली म्हणून तिला बाजूला केलं. ती गेली. जाताना तिनं मागं बघितलं नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

हेमू, मी तुझ्यावर खूप चिडले आहे. एवढी की तू या जाळीपलीकडे येऊन उभा राहिलास तर जाळी असल्याबद्दल मला वाईट वाटेल. पण तू माझा आहेस, आतल्या खोलीत तेल लावताना खोटं कण्हत होतास तेव्हाही माझाच होतास. तुला लागलेलं नव्हतं हे मला कुणी कधीतरी सांगितलं असतं तर मी तुला एक थप्पड दिली असती आणि तेलाची वाटी उचलून ठेवली असती. तुझ्यावरची माया काही कमी झाली नसती. हे मला तुला तेव्हाच सांगायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आता माझ्यासाठी येऊ नकोस. माझं जे व्हायचं ते होईल, मी मारलंय आणि मी भोगीन. पोलिसांकडे जाऊ नकोस, कोर्टात जाऊ नकोस, इथं तर मुळीच येऊ नकोस. तुझा सीझन संपायची वाटही बघू नकोस. गाडीत बस, स्टेशनवर उतरलास की सरळ हजीऱ्याला जा आणि अंशुलचं घर विचार, आता तिथं कुणीही दाखवील. दार हर्षिता उघडेल. ती चिमट्यानं मारेल. डोळ्याचं सांभाळ, बाकी मारू दे. मग आत जा, त्याच्या कॉटपाशी बस आणि त्याला तुझ्या तोंडानं सांग की तू मला हात लावला नव्हतास. त्याला कळेपर्यंत सांग.

पाय कापतील तुझे. मला माहीत आहे, तू घाबरट आहेस. भिंत धर, दाराची कडी धर, वाटल्यास त्याचा चांगला हात धर.

पडू नकोस.

ताई